टेम्पररीच तर आहे

आमच्या घरात इंग्रजी शब्द फार नव्हते. जे होते ते आईच्या डब्याबरोबर कंपनीतून घरी यायचे. शिफ्ट, कार्ड, ब्रेक, रिजेक्ट, आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे टेम्पररी. हा शब्द मला शाळेने शिकवला नाही. एबीसीडी यायच्या आधीपासून तो मला ठाऊक होता, जसा शेजारच्या काकूंचा आवाज किंवा सातपूरच्या कंपन्यांचा भोंगा ठाऊक होता. आई तिथल्याच एका कंपनीत कॉइल गुंडाळायच्या कामावर टेम्पररी होती आणि तिच्यापाठोपाठ आमचं सगळं बिऱ्हाडच टेम्पररी होऊन बसलं होतं. वसाहतीतली पत्र्याची खोली टेम्पररी. मोरीला दार म्हणून लावलेला गोणपाटाचा पडदा टेम्पररी. गळक्या नळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली होती, तीही टेम्पररी. वडील ती बांधताना म्हणाले होते, "सध्यापुरती ऱ्हाऊ दे, मग पक्कं करू." आम्ही ती खोली सोडली तेव्हा माझी दहावी होऊन दोन वर्षं झाली होती आणि पट्टी तिथेच होती. पुढच्या भाडेकरूला आम्ही ती वारसाहक्काने दिली.

पुढे पाचवी-सहावीत बाईंनी डिक्शनरी बघायला शिकवली तेव्हा मी सगळ्यात आधी हाच शब्द शोधला. अर्थ दिला होता: थोड्या काळापुरता. मी पान पुन्हा पुन्हा बघितलं, खाली आणखी काही लिहिलंय का म्हणून. काही नव्हतं. आता वाटतं, ती डिक्शनरी लिहिणाऱ्याची नोकरी पक्की असणार. आज मी कॉलेजात इंग्रजीच शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाला बाई आणि तास संपला की कोणी नाही. दर जूनमध्ये नव्याने अर्ज करते, नव्याने मुलाखत देते, त्याच प्राचार्यांना नव्याने माझं नाव सांगते. मुलं कधी कधी या शब्दाचा अर्थ विचारतात. मी डिक्शनरीतला सांगते. परीक्षेत तोच येतो.

कंपनीत टेम्पररी बाईला सलग वर्षभर ठेवत नसत. दिवस भरले तर तिला कायम करावं लागेल, म्हणून दिवस भरूच द्यायचे नाहीत. सहा-सात महिने झाले की कार्ड काढून घ्यायचे, महिना-दीड महिना घरी बसवायचे आणि मग नवा फॉर्म भरून नव्या नंबरावर परत घ्यायचे. याला ब्रेक म्हणत. आई ब्रेकवर आली की तिचा चेहरा उतरलेला असे आणि आम्ही भावंडं खूश. कारण एरवी शाळेतून आल्यावर कुलूप उघडायचं, टोपल्यातली गार भाकरी आणि ठेचा खायचा, आणि ब्रेकमध्ये मात्र आई घरी. त्यातही खरी खुशी शेंगोळ्यांची. कुळथाच्या पिठात लसूण-जिरं घालून घट्ट मळायचं, तळव्यावर एकेक शेंगोळं वळायचं आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. हे वेळखाऊ काम, कामावर जाणाऱ्या बाईला परवडत नाही. आईची शेंगोळी एकसारखी असायची, एक लांब नाही की एक जाड नाही. धाकटा भाऊ ब्रेक कधी लागणार म्हणून कॅलेंडर बघायचा. एकदा त्याने आईला तोंडावर विचारलं, "आई, तुला कायमचा ब्रेक का नाय देत?" आईने हातातलं शेंगोळं पातेल्यात सोडलं आणि पुढचं वळायला घेतलं. वडीलच म्हणाले, "देतील रे बाबा, देतील, घाई करू नको."

वडील बेकरीत भट्टीवर होते. पहाटे जायचे आणि दुपारी येताना तुटक्या खारीची पुडी आणायचे. अख्खी खारी मी कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा खाल्ली आणि मला ती बेचव लागली. वडील भांडणाच्या जागी गप्प बसणारे आणि गप्प बसायच्या जागी विनोद करणारे होते. त्यामुळे घरातले निर्णय आईच घ्यायची, आणि मोठी मुलगी म्हणून त्यात मला विचारायची. मला या गोष्टीचा तेव्हा फार अभिमान वाटे.

आईचा हात चांगला होता. कॉइल म्हणजे काय ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. प्लॅस्टिकच्या रिळावर केसासारखी तांब्याची तार शेकडो वेढे गुंडाळायची, एकावर एक चढू न देता. एक वेढा कमी पडला किंवा तार कुठे खरवडली तर कॉइल रिजेक्ट. मशीन फिरवते ते खरं, पण ताण बोटांनीच धरावा लागतो. आईच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर तारेने एक खाच पडली होती आणि तिच्या पदराला वार्निशचा वास यायचा. सणाला नवी साडी नेसली तरी तो वास यायचा, म्हणजे तो साडीचा नव्हता, तिचाच होता. मला तो आवडायचा.

मी आठवीत होते त्या वर्षीची ही गोष्ट. आईचा ब्रेक तोंडावर आला होता आणि नेमकं तेव्हाच कंपनीत काम तुंबलं होतं. तिथले सुपरवायझर बोरसे आईला म्हणाले, "सुशीलाताई, तुमचं कार्ड तर मला काढावंच लागेल. पण घरातल्या कोणाचा दाखला असेल तर द्या. नाव दुसरं लावू. हात तुमचेच राहू द्या." असं त्या भागात सर्रास चाले. जावेच्या नावावर थोरली जाऊ, नणंदेच्या नावावर भावजय. टेम्पररी कार्डावर फोटो नसायचा, कोण बघतंय? आमच्या ट्रंकेत विमलमावशीचा शाळा सोडल्याचा दाखला होता. मावशी आईची धाकटी बहीण. लग्नाआधी दोन वर्षं आमच्याकडे राहिली होती आणि लग्न होऊन निफाडकडच्या एका खेड्यात गेली तेव्हा दाखला मागेच राहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून फॉर्म मी भरला. सवयीने आधी आईच्या नावाचा 'सु' लिहिला, मग तो गिरवून त्याचा 'वि' केला. आई म्हणाली, "विमलला विचारायला पायजे होतं." पण तेव्हा फोन कुठे होता, आणि आपल्याच बहिणीला काय विचारायचं? दुसऱ्या दिवसापासून कंपनीत आई विमल झाली. पहिले काही दिवस कोणी हाक मारली तरी तिचं लक्ष जायचं नाही, मग तीही सवय झाली.

दीड महिन्याने आईचा स्वतःचा ब्रेक संपला. बोरसेंनी विचारलं, "आता तुमच्या नावावर परत येता, का आहे तेच चालू ठेवायचं?" आई तो प्रश्न घरी घेऊन आली. तिच्या मनातून स्वतःच्या नावावर जायचं होतं. म्हणाली, "आपलं नाव ते आपलं नाव." पण त्यासाठी पुन्हा फॉर्म भरायचा, सही-शिक्क्यासाठी खेटे घालायचे, त्यात आठवडा मोडणार. माझी सहामाही चालू होती आणि मला त्या फॉर्मचा कंटाळा आला होता. मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले, "राहू दे ना आई तेच. टेम्पररीच तर आहे."

हे वाक्य मी बोलले. वडील नाही, बोरसे नाही, मी. आयुष्यात पुष्कळ मूर्खपणाचं बोलले असेन, पण बाकीचं सगळं विसरले.

आई विमलच राहिली. आणि झालं असं की विमलच्या कार्डाला ब्रेकच लागेना. कार्ड नवीन, ऑफिसातला कारकून बदललेला, कुठल्या तरी रजिस्टरात तारीख चढवायची राहून गेली. सात महिने झाले, आठ झाले, नऊ झाले. आईने मुद्दाम कोणाच्या लक्षात आणून दिलं नाही. त्या वर्षी आम्हाला शेंगोळी मिळाली नाहीत. पण आई इतकी खुशीत होती की रविवारी कपडे धुताना गुणगुणायची. "विमलचं नशीब लय भारी हे," ती वडिलांना म्हणायची, "माझ्या नावाला असलं कधी झालं नाय." दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. आमचं कर्म अजून वाटेत होतं.

वर्ष भरलं आणि थोड्याच दिवसांत युनियनचा आणि कंपनीचा समझोता झाला. ज्या टेम्पररींचे दिवस सलग भरलेत त्यांना कायम करायचं. गेटवरच्या फळ्यावर यादी लागली. आई त्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढता आत आली, असं ती कधी करत नसे. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, अर्धा प्यायली आणि म्हणाली, "नाव लागलं." वडील उठून उभे राहिले. मी विचारलं, "तुझं?" आईने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "विमलचं." सुशीला नावाची बाई कंपनीच्या कागदावर वर्षभरापूर्वी ब्रेकवर गेली होती आणि परत आलीच नव्हती.

तरी अजून काही बिघडलं नव्हतं. आईने मनाशी ठरवलं होतं की आता जन्मभर विमल व्हायचं. कंपनीत पक्की विमल, घरी सुशीला. बोरसेही म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. पण आता फोटोचं कार्ड निघेल, डॉक्टरची तपासणी होईल, बँकेत खातं उघडेल. जिचं नाव आहे तिची संमती तेवढी घेऊन ठेवा. आणि यात मला ओढू नका." गुपचूप फोटो काढून दिला असता तर निभावलं असतं. वसाहतीतल्या दोघीतिघींनी तसंच केलं. पण आईला ते पटेना. "एक डाव न विचारता घेतलं," ती म्हणाली, "जन्माचं कसं घेऊ?" तिने निरोप धाडला आणि पुढच्या रविवारी मावशी आणि तिचे यजमान शांताराम काका आमच्याकडे आले.

आईने पुरण घातलं होतं. सकाळपासून पाट्याचा आवाज येत होता. जेवणं झाल्यावर तिने सगळं सांगितलं, काही न लपवता, अगदी दाखला ट्रंकेत कुठे होता इथपासून. काका ऐकत होते. दात कोरत होते. मावशी म्हणाली, "अगं मग वापर की ताई. माझं नाव काय, पडूनच हे." तेवढ्यात काकांनी काडी खाली ठेवली. "थांब जरा. ताई, नाव हिचं हे ना? दाखलाबी हिचाच? मग नोकरी दुसऱ्याची कशी काय?"

आई म्हणाली, "शांतारामराव, काम मी केलंय. वरीसभर."

"केलं ना. आम्ही कुठं नाय म्हणतो? पण उद्या कंपनीला कळलं तर जेलात कोण जाईल? ही जाईल. कागदावर ही हे. त्यापेक्षा हिलाच जाऊ द्या कामावर, म्हणजे कुणाचंच खोटं नाय. नायतर मग मला जाऊन साहेबाला खरं काय ते सांगावं लागंल."

धमकी इतक्या शांतपणे दिली की वडिलांना ती कळलीच नसावी, किंवा कळली असेल. त्यांनी खारीची बशी काकांपुढे सरकवली आणि म्हणाले, "घरातलं घरात ऱ्हाऊ द्या. खा, खा तुम्ही." मी दारात उभी होते. मला वाटत होतं आता आई काहीतरी बोलेल. वसाहतीच्या नळावर ती कोणाचंही ऐकून घेत नसे. पण साहेबाला कळलं असतं तर नोकरी दोघींचीही गेली असती, बोरसेही गेले असते, हे तिने एका क्षणात ताडलं असणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती मावशीकडे वळली. "विमल, तू बोल." मावशी रडायला लागली. "मी काय करू गं ताई? घरात माझं चालतं का?" तिचं रडणं खरं होतं, मी आजही सांगते. नोकरीही खरी होती. तिने डोळे पुसले आणि नोकरी घेतली.

खरा कडू भाग पुढेच आहे. मावशीने जन्मात कधी कॉइल बघितली नव्हती. वरच्या साहेबांना टेम्पररी बायांचे चेहरे ठाऊक नव्हते आणि खात्यातल्या बाया बोलल्या नसत्या, पण वर्षभर काम केलेल्या बाईला तार धरता येत नाही हे पहिल्या दिवशी दिसलं असतं. म्हणून रुजू व्हायच्या आधी पंधरा दिवस ती आमच्याकडे राहायला आली आणि आईने तिला शिकवलं. स्वेटर विणायच्या सुईवर रिकामं रीळ चढवायचं, भंगारातली तार घ्यायची आणि संध्याकाळच्या उजेडात दारात बसायचं. सुई मी फिरवायची. मावशीच्या हातून तार तुटायची. आई म्हणायची, "ओढू नको. तार ओढायची नाय, सोडायची. ती आपणहून जाते." मावशीचं बोट कापलं की आई त्यावर हळद लावायची. मला दोघींचाही इतका राग यायचा की मी मुद्दाम सुई वेड्यासारखी जोरात फिरवायचे. आईने एकदा माझा हात धरला. "नीट फिरव. तिला यायला पायजे." मी म्हटलं, "का यायला पाहिजे? आलं नाही तर बरंच." आई म्हणाली, "नाय आलं तर म्हणतील, वरीसभर असलं काम केलं का हिनं?"

तेव्हा मला वाटलं, तिला मावशीच्या अब्रूची काळजी आहे.

मावशी रुजू झाली. आयत्या बिळावर नागोबा, असं वसाहतीतल्या बाया म्हणायच्या, पण आईसमोर नाही. काकांनी कंपनीजवळ खोली घेतली. आईचं जुनं कार्ड मेलं ते मेलंच. बोरसेंनी डोळ्याला डोळा भिडवणं सोडलं. आई मग अंबडला एका शेडमध्ये लागली, तेच काम, टेम्पररी. तिथे ब्रेक नियमित मिळायचे. ब्रेकमध्ये तिने पुन्हा शेंगोळी केली तेव्हा धाकट्याने दोन वाट्या खाल्ल्या, मी ताटावरून उठले. दर दिवाळीला कंपनी कायम कामगारांना भेटवस्तू द्यायची, कधी स्टीलचा डबा, कधी कॅसरोल. मावशी ती न चुकता आईला आणून द्यायची. आई हसून घ्यायची, कुंकू लावायची आणि वस्तू माळ्यावर टाकायची. परवा घर आवरताना मी त्या खाली काढल्या. सगळ्यांवर कंपनीचं नाव कोरलेलं, एकाचंही झाकण कधी उघडलेलं नाही.

दहा वर्षांनी कंपनीने जुन्या कामगारांचा सत्कार ठेवला. माझं एम.ए. होऊन वर्ष झालं होतं. घरच्यांना बोलावणं होतं. मावशी स्वतः येऊन पाया पडून गेली, म्हणून आई निघाली, आणि तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून मी. कंपनीच्या आवारात मांडव होता. आई तिसऱ्या रांगेत बसली, हिरवी साडी नेसून, पर्स मांडीवर धरून. दहा वर्षं ती या गेटच्या आत आली नव्हती. एक तरुण साहेब एकेकाची फाइल उघडून दोन शब्द बोलत होते आणि मनगटी घड्याळ देत होते. मावशीची पाळी आली. साहेब म्हणाले, "विमलताईंचं मला विशेष कौतुक वाटतं. टेम्पररी असताना, पहिल्याच वर्षी, यांची एकही कॉइल परत आलेली नाही. एकही नाही. रजिस्टर आहे माझ्याकडे. असा हात देवाची देणगी असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आईकडे बघितलं. तीही टाळ्या वाजवत होती, पुढच्या रांगेतल्या बाईपेक्षा जोरात.

मग फोटोसाठी घरच्यांना वर बोलावलं. आई उठली नाही. मावशी हाताने खुणावत राहिली म्हणून मी गेले. टेबलावर फाइल उघडी होती आणि सगळ्यात खाली तो पहिला फॉर्म. निळी शाई, सातवी-आठवीतल्या मुलीचं गोल अक्षर, आणि गिरवलेला 'वि', त्याच्याखालून 'सु' अजून दिसत होता. इतक्या वर्षांत तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. मावशीने हातातलं घड्याळ पदरात धरलं होतं. मला म्हणाली, "ताईला दे गं हे, माझ्याकडून नाय घ्यायची ती." मी म्हटलं, "तुझं आहे, तूच घाल." इतकं कडू मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलले आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

चहा-वेफर्स घेऊन आम्ही बाहेर पडलो. कंपनीच्या भिंतीकडेने रिक्षा स्टँडपर्यंत चालत जावं लागतं. भिंत संपता संपता आई म्हणाली, "दोन आल्या होत्या."

"काय?"

"कॉइली. परत. साहेब म्हणला एकबी नाय. दोन आल्या होत्या. एक पावसाळ्यात, एक मार्चात. मीच बसून नीट करून दिल्या, म्हणून रजिस्टरात चढल्या नसतील."

मला एकदम राग आला, तिचा, मावशीचा, त्या तरुण साहेबाचा, आणि सहामाहीच्या पुस्तकात डोकं घालून बसलेल्या त्या आठवीतल्या मुलीचा. मी थांबले आणि म्हटलं, "मग तिथं सांगायचं होतंस ना."

आईने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कोण म्हणून सांगू?"